कुत्र्याचे रक्त आणि कूम्ब्जची कसोटी

इ. स. १६६५ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्ड येथे रिचर्ड लोअर नावाच्या एका तरुण वैद्याने मध्यम आकाराच्या एका कुत्र्याला टेबलावर बांधले, त्याच्या मानेतील शीर उघडली आणि रक्त वाहू दिले. प्रथम कुत्रा केकाटला, मग त्याची शक्ती क्षीण होत गेली, आणि शेवटी अंगाला आचके येऊ लागले. तेव्हा लोअरने शेजारी बांधून ठेवलेल्या मोठ्या मॅस्टिफ कुत्र्याच्या मानेतील रोहिणीतून पिसांच्या पोकळ देठांच्या नळीने त्याच्या शिरेत रक्त सोडले. मरणोन्मुख कुत्रा पुन्हा हुशार झाला. लोअरने त्याचे रक्त पुन्हा काढले, पुन्हा भरले, आणि दोन मोठे मॅस्टिफ रिकामे होऊन मरेपर्यंत हा क्रम चालू ठेवला. मग जखम शिवून त्याला सोडले, तेव्हा तो प्राणी टेबलावरून उडी मारून खाली उतरला, धन्याशी लाडीगोडी करू लागला आणि अंगावरचे रक्त पुसण्यासाठी गवतावर लोळला. हे वर्णन खुद्द लोअरचेच आहे. त्या वेळी भूल देण्याची विद्या नव्हती, ती आणखी १८१ वर्षांनी यावयाची होती; तेव्हा या ‘यशस्वी’ प्रयोगाचे वर्णन वाचताना टेबलावरच्या त्या प्राण्याच्या बाजूनेही क्षणभर पाहावयास हरकत नाही.

रक्ताधानाच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक ग्रंथांत या प्रयोगापासून होते आणि ते योग्यच आहे. पण आमच्या मते या प्रयोगाचे खरे महत्त्व त्याच्या यशात नाही. एका कुत्र्यात दुसऱ्या दोन कुत्र्यांचे रक्त भरले आणि तो जगला, यात लोअरच्या हस्तकौशल्याचा वाटा मोठा होता. पण त्याहून मोठा वाटा कुत्र्याच्या रक्ताच्या एका स्वाभाविक गुणाचा होता, आणि तो गुण लोअरला ठाऊक असणे शक्यच नव्हते. तो गुण उमगावयास जवळजवळ २८५ वर्षे लागली. दरम्यान काही माणसे प्राणास मुकली, कित्येक कुत्री गेली, आणि अखेर तांबड्या रक्तपेशीच्या पृष्ठभागावर चिकटलेले, सूक्ष्मदर्शकातही न दिसणारे एक प्रथिन ओळखण्याची युक्ती एका पशुवैद्याला सुचली. ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

लोअरच्या प्रयोगाची वार्ता लंडनला पोचली आणि नोव्हेंबर १६६६ मध्ये तसाच प्रयोग रॉयल सोसायटीच्या सभेत झाला. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याने तो ऐकून आपल्या वहीत टिपून ठेवला आहे. एका पंथाच्या माणसाचे रक्त त्याच्या उलट मताच्या धर्मगुरूत भरले तर काय होईल, अशी थट्टा त्या मंडळीत झाल्याचेही तो नमूद करतो. ही थट्टा फार अर्थपूर्ण आहे. रक्ताबरोबर स्वभाव वाहतो अशी त्या काळाची समजूत होती. भित्र्या कुत्र्यात शूर कुत्र्याचे रक्त भरले तर तो शूर होईल काय, असे प्रश्न रॉबर्ट बॉइलसारख्या विद्वानाने लोअरला लेखी विचारलेले आहेत. रक्त हे रक्तच, फरक असेल तर तो स्वभावाचा, अशी ती कल्पना. रक्तारक्तांत अंगभूत वैर असू शकते, हे मनातही येण्याचे कारण नव्हते; कारण टेबलावरचा कुत्रा तर उडी मारून उतरला होता!

ही समजूत किती महाग पडली ते पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये दिसले. ज्याँ देनी याने १५ जून १६६७ रोजी एका पंधरा वर्षांच्या मुलाला कोकराचे थोडे रक्त दिले. मुलगा जगला. मग त्याच वर्षाच्या डिसेंबरात आंत्वान मोर्वा नावाच्या वेड लागलेल्या इसमाला वासराचे रक्त दिले. कल्पना अशी की, वासराच्या सौम्य रक्ताने त्याचे डोके थंड होईल. पहिल्या खेपेस फारसे काही झाले नाही. दुसऱ्या खेपेस मात्र हाताला आग सुटली, घामाच्या धारा लागल्या, कंबरेत असह्य कळ आली, आणि दुसऱ्या दिवशी लघवी काजळीसारखी काळी झाली. देनीने हे सर्व प्रामाणिकपणे लिहून ठेवले, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत. विजातीय रक्ताने तांबड्या पेशी फुटल्याचे वैद्यकाच्या इतिहासातील पहिले स्पष्ट वर्णन तेच होय. अर्थ मात्र त्याला उलटा लागला. काळी लघवी म्हणजे वेडाचे विष बाहेर पडले, असे तो समजला! पुढे मोर्वा मेला, खटला झाला, त्याच्या बायकोने विष घातल्याचे न्यायालयाला आढळले आणि देनी सुटला. परंतु यापुढे पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाच्या संमतीखेरीज कोणी रक्त भरू नये असा हुकूम झाला, आणि दीडशे वर्षे हा विषय जवळजवळ निजून राहिला.

पहिल्या खेपेस काही नाही आणि दुसऱ्या खेपेस अनर्थ, हा क्रम वाचकांनी लक्षात ठेवावा. वासराच्या रक्ताविरुद्ध माणसाच्या रक्तात काही द्रव्ये मुळातच असतात, तेव्हा मोर्वाचे उदाहरण निर्भेळ नाही. तथापि पहिल्या भेटीत गप्प बसणारे शरीर दुसऱ्या भेटीत खवळते, ही गोष्ट आमच्या विषयाच्या मुळाशी आहे.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या जेम्स ब्लंडेलने हा विषय पुन्हा जागा केला. बाळंतिणी रक्तस्रावाने डोळ्यांदेखत मरतात हे पाहून तो या उद्योगाला लागला होता. १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगांत मुद्दा असा निघाला की, रक्त काढून मरणाच्या दारी नेलेला कुत्रा कुत्र्याच्या रक्ताने वाचतो, माणसाच्या रक्ताने वाचत नाही. बार्बाडोसहून एडिंबरोला शिकावयास आलेल्या जॉन लीकॉकने हाच विचार त्याच्या आधी एक वर्ष मांडला होता, आणि ब्लंडेलने ते मान्यही केले. जातीला जात लागते, एवढा धडा यातून मिळाला. १८७५ च्या सुमारास जर्मनीत लांडोइस आणि पोनफिक यांनी या धड्याचे कारण दाखवले. एका जातीच्या प्राण्याच्या तांबड्या पेशी दुसऱ्या जातीच्या प्राण्याच्या रक्तरसात मिसळल्या की त्यांचे पुंजके होतात आणि त्या फुटतात. लघवीत येते ते रक्त नव्हे, तर फुटलेल्या पेशींतून सांडलेले रक्तरंजक द्रव्य असते. मोर्वाच्या काळ्या लघवीचा खुलासा असा दोनशे वर्षांनी झाला.

पण एकाच जातीत काय? माणसाला माणसाचे रक्त दिले तरी काही रोगी मरत, काही बचावत. कार्ल लांडस्टायनर याने १९०१ साली व्हिएन्नामध्ये आपल्या सहकाऱ्यांच्या पेशी आणि रक्तरस एकमेकांत मिसळून माणसांचे रक्तगट उलगडले, ही गोष्ट आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ‘अ’ गटाच्या माणसाच्या रक्तरसात ‘ब’ विरुद्ध द्रव्य जन्मानंतर थोड्याच महिन्यांत आपोआप तयार होते, रक्त कधी भरले नसले तरी. म्हणून चुकीचे रक्त पहिल्याच खेपेस घात करते.

आता कुत्र्याकडे परत येऊ. १९१० साली हायडेलबर्ग येथे फॉन डुंगेर्न आणि हिर्झफेल्ड या जोडीने कुत्र्यांच्या रक्तातही वैयक्तिक भेद असल्याचे दाखवले. मात्र त्यांना एक गोष्ट आढळली. एका कुत्र्याचे रक्त दुसऱ्या कुत्र्याला आधी टोचावे लागते. तेव्हा कुठे त्याच्या रक्तरसात त्या रक्ताविरुद्ध द्रव्ये उत्पन्न होतात. माणसाप्रमाणे बलवान द्रव्ये कुत्र्यात आपोआप तयार झालेली सहसा सापडत नाहीत. लोअरचा कुत्रा टेबलावरून उडी मारून का उतरला, याचे उत्तर हेच होय. त्या दोन मॅस्टिफांचे रक्त त्याच्याशी जुळणारे होते की नव्हते, हा प्रश्न त्या दिवशी गौण होता. त्याच्या शरीराची परक्या रक्ताशी ती पहिलीच गाठ होती. लोअरने दोन-तीन आठवड्यांनी त्याच मॅस्टिफांच्या जातकुळीचे रक्त त्याला पुन्हा दिले असते तर कदाचित इतिहास वेगळा झाला असता. आणि कुत्र्याऐवजी त्याने मांजर निवडले असते तर? मांजरांत, विशेषतः त्यांच्या ‘ब’ गटात, परक्या गटाविरुद्ध अत्यंत प्रखर द्रव्ये जन्मजात म्हणावीत अशीच असतात. गट न जुळलेले पहिलेच रक्त काही मिनिटांत जिवावर बेतते. इतिहासात ‘जर’ला स्थान नाही असे म्हणतात, तरी प्रयोगाला कोणता प्राणी हाताशी सापडला यावर एखाद्या शास्त्राची दोनअडीचशे वर्षे अवलंबून राहू शकतात, हे येथे स्पष्ट दिसते.

यापुढची अडचण अधिक सूक्ष्म होती. लांडस्टायनरची पद्धत डोळ्यांनी पाहण्याची होती. पेशी आणि रक्तरस मिसळा. पुंजके झाले तर वैर, न झाले तर मैत्री. परंतु १९४० च्या आसपास असे रोगी दिसू लागले की, ज्यांच्या बाबतीत बशीवर सर्व काही गोडीगुलाबीचे दिसे आणि शरीरात मात्र दिलेले रक्त फुटत असे. १९३९ साली लेव्हिन आणि स्टेटसन यांनी एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला मृत मूल झाले, मग नवऱ्याचे रक्त दिले, आणि गट जुळत असूनही तिला जबर त्रास झाला. त्यातून, आणि पुढच्या वर्षीच्या लांडस्टायनर व वीनर यांच्या कामातून, ऱ्हीसस गट पुढे आला. पण या गटाविरुद्धची द्रव्ये कित्येकदा बशीवर दिसतच नसत. ती पेशीला चिकटत, एवढे १९४४ मध्ये रेस आणि वीनर यांनी आडमार्गाने सिद्ध केले. कारण चिकटलेल्या जागी दुसरे प्रखर द्रव्य बसू शकत नसे. त्यांना ‘अपुरी’ प्रतिद्रव्ये असे नाव पडले.

अपुरी म्हणजे काय? तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्भार असतो. म्हणून त्या एकमेकींपासून अंतर राखून तरंगतात. प्रतिद्रव्य हे एक प्रथिन आहे आणि त्याला दोन हात असतात असे समजा. मोठ्या जातीच्या प्रतिद्रव्याला दहा हात असतात आणि ते लांबरुंदही असते. ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या माणसांना ते सहज एकत्र ओढते. लहान जातीच्या प्रतिद्रव्याचे हात आखूड. एका काठाला ते घट्ट धरते, पण दुसऱ्या काठापर्यंत त्याचा हात पोचत नाही. पुंजका होत नाही. पाहणाऱ्याला वाटते, येथे काहीच घडलेले नाही. वस्तुतः पेशी माखलेली असते. शरीरात गेल्यावर पाणथरी आणि यकृत यांतील भक्षक पेशी हा माखलेपणा बरोबर ओळखतात आणि ती पेशी गिळून टाकतात. पाणथरीला जे कळते ते सूक्ष्मदर्शकावर बसलेल्या पंडिताला कळत नाही, असा हा प्रकार होता.

ही कोंडी फोडणारा रॉबिन कूम्ब्ज हा डॉक्टर नव्हता, गुराढोरांचा वैद्य होता. १९२१ साली लंडनमध्ये जन्म, बालपण दक्षिण आफ्रिकेत, शिक्षण एडिंबरोच्या पशुवैद्यक महाविद्यालयात. १९४३ मध्ये पदवी घेऊन काही काळ वेब्रिजच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत आणि मग केंब्रिजला. युद्धाचे दिवस होते. लंडनमधील रक्तगटांची प्रयोगशाळा बाँबहल्ल्यांच्या भीतीने केंब्रिजला हलवलेली होती आणि तेथे रेस व मूरंट ही मंडळी ऱ्हीससच्या अपुऱ्या द्रव्यांशी झगडत होती. मूरंट हा मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. तेव्हा एक खडकांचा जाणकार, एक डॉक्टर आणि एक ढोरांचा वैद्य अशी ही त्रयी. एका रात्री लंडनहून केंब्रिजला परतताना युद्धकालीन अंधूक दिव्याच्या आगगाडीत बसल्या बसल्या कूम्ब्जला कल्पना सुचली, असे त्याने पुढे सांगितले आहे. प्रतिद्रव्य हे प्रथिन आहे ना? मग त्या प्रथिनाविरुद्धच प्रतिद्रव्य का तयार करू नये? सशाला माणसाच्या रक्तातील ग्लोब्युलिन हे प्रथिन टोचायचे; सशाच्या रक्तरसात त्याविरुद्ध द्रव्य होईल. संशयित पेशी धुऊन घ्यायच्या आणि त्यावर सशाचा तो रक्तरस टाकायचा. पेशीवर प्रतिद्रव्य चिकटलेले असेल तर सशाचे द्रव्य त्या चिकटलेल्या द्रव्यांना एकमेकांशी जोडील, आखूड हात लांब होतील, आणि पुंजके दिसू लागतील. चिकटलेले नसेल तर काहीच होणार नाही.

युक्ती इतकी सरळ की, ऐकल्यावर ‘एवढेच ना!’ असे वाटावे. जुलै १९४५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये कूम्ब्ज, मूरंट आणि रेस यांचा लहानसा लेख आला. रोग्याच्या रक्तरसात असे द्रव्य आहे का हे त्यावरून कळले. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरी बाजूही दाखवली: काविळीने पिवळ्या झालेल्या नवजात बालकांच्या पेशी धुऊन थेट तपासल्या, तर त्यांवर आईकडून आलेले द्रव्य चिकटलेले सापडले. रक्तरसातील द्रव्य शोधणे ती अप्रत्यक्ष कसोटी, आणि शरीरातच माखलेल्या पेशी शोधणे ती प्रत्यक्ष कसोटी, अशी दोन नावे तेव्हापासून रूढ आहेत.

येथे एका विस्मृत माणसाचे ऋण मान्य केले पाहिजे. इटलीतील पाव्हियाचा कार्लो मोरेस्की याने १९०८ साली, म्हणजे कूम्ब्जच्या आधी ३७ वर्षे, हेच तत्त्व प्राण्यांच्या रक्तावर प्रयोग करून छापून ठेवले होते. द्रव्य चिकटलेल्या पण पुंजके न झालेल्या पेशींवर त्या द्रव्याच्या प्रथिनाविरुद्धचा रक्तरस घातला की पुंजके होतात, हे त्याने पाहिले होते. केंब्रिजच्या मंडळींना ते ठाऊक नव्हते. कळल्यावर त्यांनी ते मोकळेपणाने मान्य केले. मोरेस्कीला विसरले याचे कारण आमच्या मते दुष्टावा नव्हता. १९०८ मध्ये त्याच्या उत्तराला प्रश्नच नव्हता. ऱ्हीसस नव्हता, अपुरी द्रव्ये नव्हती, रक्तपेढ्या नव्हत्या. कुलूप तयार होण्याआधी घडवलेली किल्ली कोनाड्यात पडून राहते, तसे झाले.

कसोटी मिळाली, पण तिचा अर्थ पुरता कळावयाचा तर न जुळणारे रक्त मुद्दाम देऊन, तासातासाला नमुने काढून, पेशींवर प्रथिन केव्हा चढते, किती चढते, पेशी कोठे नाहीशा होतात, हे पाहावयास हवे. माणसावर असा प्रयोग करता येत नाही. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे लॉरेन्स यंग, स्कॉट स्विशर आणि त्यांचे सहकारी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस यासाठी पुन्हा कुत्राच निवडला. माणसांसाठी तयार केलेला सशाचा रक्तरस येथे चालत नाही. कुत्र्याच्या ग्लोब्युलिनविरुद्ध नवा करावा लागतो. प्रत्येक जातीच्या प्राण्याचे प्रथिन वेगळे, म्हणून प्रत्येकाची कसोटीही वेगळी.

त्यांना कुत्र्यांत एक बलवान गट सापडला. त्याला त्यांनी ‘ए’ म्हटले. ज्याच्या पेशींवर ‘ए’ नाही अशा कुत्र्याला ‘ए’ असलेले रक्त प्रथमच दिले तर तो स्वस्थ. आठवड्या-दोन आठवड्यांनी मात्र त्याच्या रक्तरसात ‘ए’विरुद्ध द्रव्य चढते, आणि तसेच रक्त पुन्हा दिले की देनीच्या मोर्वाचे नाट्य तंतोतंत उभे राहते: पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात, रक्तद्रव तांबडे होते, लघवी काळसर लाल येते. १९४९ साली यंग, अर्विन आणि यूइल यांनी हे सविस्तर प्रसिद्ध केले. त्यांची दुसरी चाल अधिक चतुर होती. न जुळणाऱ्या पेशी देण्याऐवजी त्यांनी ‘ए’विरुद्ध द्रव्याने भरलेले रक्तद्रवच ‘ए’ असलेल्या कुत्र्याला दिले. आता परकी होती ती प्रथिने, आणि बळी पडल्या त्या यजमानाच्या स्वतःच्याच पेशी. अशा कुत्र्यात पेशी माखण्यापासून नष्ट होण्यापर्यंतचा सर्व मार्ग पावलोपावली पाहता येतो.

यातून दोन मार्ग स्पष्ट झाले. काही प्रतिद्रव्ये आपल्यामागोमाग रक्तातील ‘पूरक’ नावाच्या प्रथिनांची साखळी ओढून आणतात आणि ती साखळी पूर्ण झाली तर पेशीच्या आवरणाला भोके पडून ती जागच्या जागी फुटते. पूरकाचा हा गुण बेल्जियमच्या बोर्देने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दाखवला होता. दुसरी प्रतिद्रव्ये नुसती चिकटून राहतात आणि पेशीला भक्षकांच्या हवाली करतात. येथे कूम्ब्जच्या कसोटीचा अर्थही रुंदावला. १९५० च्या दशकात लंडनच्या डेसी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, कधी कधी कसोटीला जे प्रथिन सापडते ते प्रतिद्रव्य नसतेच. प्रतिद्रव्य येऊन निघून गेलेले असते आणि त्याने मागे ठेवलेले पूरक तेवढे पेशीवर राहिलेले असते. चोर पळाला, पण त्याच्या ओल्या पावलांचे ठसे ओसरीवर राहिले. म्हणूनच कुत्र्यांसाठी आज जो रक्तरस वापरतात तो ग्लोब्युलिन आणि पूरक या दोहोंविरुद्ध असतो, आणि तपासणी शरीराच्या उष्णतेला तसेच थंडाव्यातही करण्याची पद्धत आहे.

रॉचेस्टरच्याच मंडळींनी १९४९ साली पिल्लांवर केलेले काम आम्हाला सर्वांत हृद्य वाटते. ‘ए’ नसलेल्या कुत्रीला ‘ए’ रक्त देऊन तिच्यात द्रव्य उत्पन्न केले आणि तिला ‘ए’ असलेल्या कुत्र्यापासून पिल्ले झाली. मानवी बालकाला हा रोग आईच्या पोटातच होतो. कारण माणसात प्रतिद्रव्य वारेतून पार होते. कुत्रीच्या वारेतून ते फारच थोडे जाते. ते येते चिकाच्या दुधातून. पिल्लू धडधाकट जन्मते, आईला लुचते, आणि त्या पहिल्या दुधाबरोबरच आपल्या पेशींचे वैरी पोटात घेते. पहिल्या दिवसानंतर आतड्यातून ही प्रथिने आत शिरत नाहीत. म्हणून अशा आईच्या पिल्लांना तेवढा काळ दुसरे दूध पाजून वाचवता येते. चीक म्हणजे अमृत असे आपल्याकडे म्हणतात, आणि ते खरेही आहे. त्या अमृतातही कधी काय उतरते ते माणसाने अगोदर चुकीचे रक्त भरले की नाही यावर ठरते.

ही कसोटी करताना हात कसा चुकतो, याविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारण शास्त्राचा इतिहास पुष्कळदा भांडी धुण्याच्या मोरीतच घडतो. पेशी खारट पाण्यात निदान तीनदा स्वच्छ धुवाव्या लागतात. धुणे कमी पडले तर पेशींभोवतीच्या रक्तरसात मोकळे ग्लोब्युलिन राहते, सशाचे द्रव्य त्यावरच खर्ची पडते आणि माखलेल्या पेशी निर्दोष ठरतात. दुसरी फसवणूक अधिक विचित्र आहे. न जुळणारे रक्त दिल्यावर कुत्र्याची अवस्था अत्यंत वाईट असताना प्रत्यक्ष कसोटी कधी कधी नकारार्थी येते. कारण उघड आहे, पण ते सुचावे लागते: माखलेल्या पेशी सर्वच्या सर्व फुटून गेल्या, आता तपासावयाला उरल्या त्या यजमानाच्या स्वतःच्या, निष्कलंक पेशी. खून झाला, प्रेत नाहीसे झाले, आणि पंचनाम्यात काही आढळले नाही. उलटपक्षी पहिल्या रक्ताधानानंतर कुत्रा खात-पीत, शेपूट हलवत असताना आठव्या-दहाव्या दिवशी कसोटी होकारार्थी येऊ शकते. दिलेल्या पेशी, ज्या खरे तर शंभराहून अधिक दिवस जगावयाच्या, त्या नव्याने तयार झालेल्या द्रव्याने माखून गुपचूप नाहीशा होत असतात. अशा वेळी थोड्या पेशींचे पुंजके आणि बाकीच्या सुट्या, असे मिश्र चित्र दिसते. तेव्हा केव्हा तपासले हे माहीत नसेल तर काय आढळले याला फारसा अर्थ राहत नाही. काळ्या लघवीने देनी फसला, उडी मारणाऱ्या कुत्र्याने लोअर फसला. चांगल्या कसोटीनेही माणूस फसू शकतो.

स्विशर आणि यंग यांनी १९६१ साली कुत्र्यांच्या रक्तगटांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. १९७० नंतरच्या दशकात या गटांना अक्षरांऐवजी आकडे मिळाले. जुना ‘ए’ आता पहिल्या आकड्याचा गट म्हणून ओळखला जातो, आणि पशुवैद्यांच्या दवाखान्यात कागदाच्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकून तो काही मिनिटांत तपासता येतो. मॅस्टिफांच्या त्या बळीचे व्याज असे कुत्र्यांच्याही पदरात थोडेसे पडू लागले आहे, यात आम्हाला समाधान वाटते. आमच्याकडे दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री पायाशी असतात आणि ते चार वेद आहेत असे सांगतात. विज्ञानाच्या तसबिरीत कुत्र्याला पायाशीही जागा मिळालेली नाही. लोअरच्या त्या कुत्र्याचे नावदेखील कोणी लिहून ठेवले नाही.

या हकीकतीचा एक धागा मुंबईशी येऊन जुळतो. १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मुंबईचे भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी, लंडनच्या काही शास्त्रज्ञांसह, असा एक रक्तगट जाहीर केला की ज्याच्या माणसाचा रक्तरस अ, ब आणि ओ या तिन्ही गटांच्या पेशींशी वैर करतो. लंडनच्या त्या शास्त्रज्ञांत रेस होता; सात वर्षांपूर्वी कूम्ब्जच्या लेखावर ज्याची सही होती, तोच. ‘ओ’ गटाचे रक्त सर्वांना चालते या श्रद्धेला या शोधाने तडा गेला. अशा रोग्याला त्याच्यासारखाच दुर्मिळ दाता शोधावा लागतो, आणि तो बहुधा त्याच्या नात्यागोत्यात मिळतो.

कुत्र्यांत याचे प्रतिबिंब २००७ साली दिसले. अमेरिकेत एका डाल्मेशियन कुत्र्याला पूर्वी रक्त दिलेले होते. पुन्हा देण्याची वेळ आली तेव्हा त्याच्या रक्तरसाशी एकाही दात्याचे रक्त जुळेना. ठाऊक असलेले सर्व गट तपासून झाले, त्यांपैकी कोणाचाही हा विरोध नव्हता. जवळजवळ सर्व कुत्र्यांच्या पेशींवर असलेले एक प्रतिजन याच्या पेशींवर नव्हते, आणि पहिल्या रक्ताधानाने ते उघड केले होते. त्या प्रतिजनाला ‘डाल’ असे नाव पडले. जुळणारे रक्त शेवटी सापडले ते काही डाल्मेशियनांतच.